गादीवर दुसराही माणूस हवा

मराठवाड्यातल्या कोरडवाहू कापूस उत्पादकाला नांदेडचे कापूस संशोधन केंद्र एका बियाण्यामुळे ठाऊक आहे: एनएचएच-४४. १९८०च्या दशकात या केंद्राने दिलेला हा संकरित वाण पुढची अनेक वर्षे नांदेड-परभणीपासून विदर्भापर्यंतच्या रानांत होता. पावसाने ताण दिला तरी तग धरणारा वाण, अशी त्याची ख्याती. मार्च २००२मध्ये केंद्र सरकारने देशात प्रथमच बीटी कापसाला परवानगी दिली, ती तीन वाणांना. तिन्ही वाण जालन्याच्या महिको कंपनीचे होते. नांदेडचा वाण बीटीच्या रूपात शेतकऱ्याच्या हाती पडायला त्यानंतर कितीतरी वर्षे गेली, आणि तोवर कापूस बियाण्याचा जवळजवळ सगळा बाजार खासगी कंपन्यांनी व्यापला होता.

नांदेड काय आणि जालना काय, दोन्ही मराठवाड्यातलीच. नांदेडच्या शास्त्रज्ञांचे काम कुठे कमी पडले असे म्हणायला जागा नाही. पण वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाचा, बियाणे तयार करून विकायचे ते अकोल्याच्या महाबीजने, आणि बीटीचे जनुक तिसऱ्याच कोणाच्या मालकीचे. वाण घडवणारा, बियाणे विकणारा आणि तंत्रज्ञानाचा धनी हे तिघे एका खोलीत बसून निर्णय घेत आहेत, असे घडायला व्यवस्थेत सोयच नव्हती. जालन्यात ती होती.

महिकोचे संस्थापक बद्रिनारायण बारवाले मूळचे हिंगोलीचे. जन्म १९३१चा, तरुणपणी हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेला. ते शास्त्रज्ञ नव्हते; शेती आणि व्यापार ही त्यांची शाळा. १९६४ साली त्यांनी कंपनी काढली तेव्हा ती अगदी छोटी होती. तरीही बियाण्याच्या धंद्यात संशोधन दुसऱ्याकडून उसने आणून भागणार नाही हे त्यांनी सुरुवातीलाच ओळखले. रॉकफेलर फाउंडेशनच्या तज्ज्ञांशी संपर्क ठेवला, वनस्पतिशास्त्रातली शिकलेली माणसे कंपनीत आणली आणि त्यांना प्रयोगांसाठी जमीन, पैसा, वेळ दिला. पुढे त्यांची कन्या डॉ. उषा बारवाले-झेर अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आल्या आणि कंपनीचे संशोधन त्यांच्या हाती आले. १९९८ साली बारवालेंना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बीटी कापसाचे पुढे जे झाले, बियाण्याच्या किमतीवरून सरकारशी झालेले तंटे, गुलाबी बोंडअळीने बीटीला न जुमानणे, तो स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. इथे मुद्दा एवढाच की बाजार जाणणारा माणूस आणि जनुकशास्त्र जाणणारी बाई एकाच कंपनीच्या वरच्या फळीत होते, आणि दोघांच्याही शब्दाला वजन होते.

छोट्या कंपनीत नवे काही घडते की नाही, हे यंत्र आणि कर्जापेक्षा तिथे निर्णय घेणारी माणसे एकमेकांहून किती वेगळी आहेत यावर जास्त ठरते. आणि त्यातल्या वेगळ्या माणसाला मत आहे का, यावरही. लातूर आणि नांदेडचे उद्योग अडले आहेत ते इथे.

लातूरची डाळ घ्या. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांनी वाढलेले हे व्यापारी शहर तुरीच्या डाळीसाठी देशभर ओळखले जाते. तूर चाळायची, रोलवर सोलायची, तेल-पाण्याचा हात देऊन उन्हात वाळवायची, मग भरडून फटका डाळ वेगळी, चुनी वेगळी, टरफल वेगळे. या कामातले बारकावे लातूरच्या मिलवाल्याइतके फार थोड्यांना कळत असतील. रंगावरून दाणा निवडणारी सॉर्टेक्स यंत्रे आली तेव्हा एकाने घेतली, मग शेजाऱ्याने, मग सगळ्या औद्योगिक वसाहतीने. पण यंत्र विकत घेणे वेगळे आणि नवा माल, नवी बाजारपेठ, नवी पद्धत काढणे वेगळे. आजही लातूरची बरीचशी डाळ पोत्यांतून बाहेर पडते आणि दुसऱ्या शहरात दुसऱ्याच नावाच्या पाकिटात शिरते. तुरीपासून काही वेगळे खाद्य, चुनीपासून पशुखाद्याचा स्वतःचा शिक्का, टरफलापासून आणखी काही, असे प्रयत्न झाले तरी ते एकट्यादुकट्याचे राहतात.

याचे कारण मिलवाल्याच्या बुद्धीत नाही, मिलच्या गादीवर आहे. बहुतेक पेढ्यांमध्ये गादीवर वडील, काका, थोरला भाऊ बसतात. सगळे एकाच बाजारात वाढलेले, एकाच आडतीवर शिकलेले, एकाच प्रकारच्या तोट्याने पोळलेले. खरेदी कधी करायची, माल कधी रोखायचा, कोणत्या गावच्या व्यापाऱ्याला उधार द्यायचे नाही, या गोष्टींत त्यांचे एकमत पटकन होते आणि ते बहुधा बरोबरही असते. मात्र ज्या प्रश्नाचे उत्तर बाजाराने अजून दिलेलेच नाही, त्या प्रश्नापुढे सगळ्यांची ओळख तीच आणि अडाणीपणही तेच.

कागदावर मात्र चित्र निराळे दिसते. खासगी मर्यादित कंपनीला किमान दोन संचालक लागतात, म्हणून कितीतरी छोट्या कंपन्यांत नवरा आणि बायको संचालक असतात. म्हणजे स्त्री संचालक आधीपासून आहे. शेअर बाजारात नोंदवलेल्या कंपन्यांना कायद्याने बाई संचालक नेमावी लागते. १०० कोटींचे भरणा भागभांडवल किंवा ३०० कोटींची उलाढाल असलेल्या सार्वजनिक कंपन्यांनाही हा नियम लागू आहे. छोट्या कंपनीला तशी सक्ती नाही आणि गरजही नाही, कारण बाई नोंदवहीत आहेच. तिची सही लागते ती बँकेच्या कागदांवर. ती वाणिज्य शाखेची पदवीधर असो की अन्नतंत्रज्ञानाची, डाळीला भाव काय लावायचा किंवा पाकीट कसे असावे हे तिला विचारले जात नाही. घरात त्या डाळीचे वरण रोज तिच्या हाताखालून जाते, तरी नाही.

निर्णय घेणाऱ्या माणसांमधल्या वेगळेपणावर जगभरात गेली चार दशके अभ्यास चालू आहे. डोनाल्ड हॅम्ब्रिक आणि फिलिस मेसन यांनी १९८४ साली मांडले की कंपनी ही वरच्या माणसांच्या अनुभवाचे आणि समजुतींचे प्रतिबिंब असते. १९८९मध्ये कॅरन बँटेल आणि सुझन जॅक्सन यांनी अमेरिकेतल्या १९९ बँका तपासल्या. ज्या बँकांच्या वरच्या फळीत अधिक शिकलेली आणि वेगवेगळ्या कामांतून आलेली माणसे होती, त्या बँका नव्या सेवा आणि नव्या पद्धती आणण्यात पुढे होत्या. इथवरचे वाचून कोणालाही वाटेल की मग वेगवेगळी माणसे गोळा केली की झाले.

तसे होत नाही, आणि ते का होत नाही हे भूकंप सोसलेल्या लातूरकरांना इतरांपेक्षा लवकर समजेल. डोरा लाऊ आणि कीथ मर्निगन यांनी १९९८मध्ये या फरकांना भूगर्भातल्या भ्रंशरेषेची उपमा दिली. माणसांमधले फरक एकमेकांना छेदत जाणारे असतील तर गट टिकतो. सगळे फरक एकाच रेषेत आले, की गट त्या रेषेवर दुभंगतो. लातूरच्या मिलमध्ये ही रेषा सहज सापडते. एका बाजूला साठी ओलांडलेले वडील, आडतीवर घडलेले, रोखीवर आणि शब्दावर विश्वास ठेवणारे. दुसऱ्या बाजूला तिशीतला मुलगा, पुण्यात इंजिनियर झालेला, संगणकावर हिशेब पाहणारा, पाकीट आणि ऑनलाइन विक्रीची भाषा बोलणारा. वय, शिक्षण, अनुभव, पैशाकडे पाहण्याची दृष्टी, चारही फरक एकाच रेघेवर. त्यामुळे सोलर ड्रायर घ्यायचा की नाही हा प्रश्न ड्रायरचा राहतच नाही. तो बाप विरुद्ध लेक असा होतो. मुलाने सुचवले म्हणून ते खर्चिक, वडिलांनी नाकारले म्हणून ते जुनाट. एक-दोन वर्षांत मुलगा गप्प बसतो किंवा पुण्याला परततो, आणि सगळ्यांना वाटते की आपल्याकडे नवे काही चालतच नाही.

इथे तिसरा माणूस लागतो, आणि तोही रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय असलेला. पन्नाशीचा अन्नतंत्रज्ञ, ज्याचे वय वडिलांना मान देण्याजोगे आणि ज्ञान मुलाच्या बाजूचे. बाजार समितीच्या हिशेबात मुरलेली आणि जीएसटीही जाणणारी सनदी लेखापाल असलेली भाची. दुसऱ्या धंद्यातून आलेला, भांडवल थोडे घातलेला मित्र. असा एक माणूस बैठकीत असला की प्रत्येक विषयावर बाजू नव्याने लागतात. सोलर ड्रायरला वडील आणि तो तज्ज्ञ अनुकूल, पाकिटाला मुलगा आणि भाची. कोणी कायमचा हरत नाही.

मोठ्या उद्योगालाही असे दुभंगणे चुकलेले नाही, आणि त्याचे उदाहरण लातूरच्याच मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याशी जोडलेले आहे. इथे वंदे भारतच्या स्लीपर गाड्या बांधण्याचे काम रशियन कंपन्या आणि रेल विकास निगम यांच्या संयुक्त कंपनीकडे आले, १२० गाड्यांचे. त्यात रशियन बाजूचा वाटा ७५ टक्के आणि निगमचा २५ टक्के ठरलेला होता. २०२३मध्ये निगमने बहुसंख्य वाटा मागितला आणि करार अडला. शेवटी वाटा मूळ ठरल्याप्रमाणेच राहिला आणि सप्टेंबर २०२३मध्ये करार झाला. हा मतभेद गाडी कशी असावी यावर नव्हता, धुरा कोणाकडे यावर होता. लातूरमध्ये ज्या गाडीची वाट पाहिली जात होती तिला त्या भांडणातून एकही नवा बोल्ट मिळाला नाही. कामावरचा वाद आणि खुर्चीवरचा वाद यांतला हा फरक छोट्या कंपनीने आधी ओळखायला हवा, कारण तिला महिने वाया घालवणे परवडत नाही.

उलट उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीचे. सह्याद्री फार्म्सचे विलास शिंदे शेतकऱ्याचे चिरंजीव आणि राहुरीच्या विद्यापीठाचे कृषी अभियंते. द्राक्ष निर्यात करताना त्यांनी स्वतः तोटा सोसलेला. २०१०मध्ये युरोपने महाराष्ट्राची द्राक्षे रसायनाच्या अंशामुळे नाकारली, त्या तडाख्यातून तावूनसुलाखून निघालेले. म्हणजे शिक्षणाने एका बाजूला आणि बांधावरच्या अनुभवाने दुसऱ्या बाजूला. शेतकरी त्यांना बाहेरचा पगारी साहेब मानू शकत नाहीत आणि परदेशी खरेदीदार त्यांना अडाणी मानू शकत नाहीत. त्यांच्याभोवती शीतसाखळी, प्रक्रिया, वित्त, निर्यात अशा कामांची माणसे आली. पेटंट असलेल्या ‘आरा’ द्राक्षजाती रीतसर हक्क घेऊन आणण्याचा धाडसी निर्णय या मंडळींनी घेतला. २०२२मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. नाशिकला पाणी आहे, मुंबई जवळ आहे, हे खरेच. पण नाशिकच्या सगळ्या शेतकरी कंपन्या सह्याद्री झाल्या नाहीत, हेही तितकेच खरे.

लातूर-धाराशिवकडे मात्र याहून जुने आणि अधिक धडधडीत उदाहरण आहे, फक्त त्याकडे उद्योगाचे उदाहरण म्हणून कोणी पाहिले नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. पडलेली गावे नव्याने वसली. त्याखेरीज सुमारे १३०० गावांत तडे गेलेली घरे घरमालकांनीच सरकारी मदतीतून दुरुस्त करायची, असा मोठा कार्यक्रम जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने सुरू झाला. त्यात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांना संवाद साहाय्यक म्हणून उभे केले. ज्या बायका चारचौघांत बोलत नव्हत्या, त्या अभियंत्याला विचारू लागल्या की भिंतीत लोखंडी पट्टी कुठे, हप्ता कधी, सिमेंट कोणते. बांधकाम ज्यांच्या डोक्यावर पडते त्यांनी बांधकामाचा निर्णय घ्यावा, हीच मुळात नवी गोष्ट होती.

दुष्काळाच्या वर्षांत याच कामातून एक एकर शेतीचा प्रयोग वाढला. बाईने घरच्यांकडून अर्धा ते एक एकर स्वतःच्या निर्णयासाठी मागून घ्यायचा आणि त्यात सोयाबीनऐवजी भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरी असे खाण्याचे मिश्र पीक घ्यायचे, खत घरचे, बी शक्यतो घरचे. शेतीतले ज्ञान गावात होतेच. बायका शतकानुशतके खुरपत होत्या, निवडत होत्या, बी राखत होत्या. नवे होते ते एवढेच की त्या एकरावर काय पेरायचे हे ठरवणारे माणूस बदलले. नगदी पिकाच्या गणितात कोणाला न सुचलेली गोष्ट त्या तुकड्यावर सुचली. २०१७ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

त्याच संस्थेचा एक अपुरा राहिलेला प्रयोगही सांगायला हवा. ब्रिटिश पेट्रोलियम आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहभागातून ‘ऊर्जा’ नावाची धूर कमी करणारी चूल तयार झाली आणि तिची विक्री गावोगावच्या बायकांनी केली. चूल पसंत पडली. पण ती शेतकचऱ्याच्या गोळ्यांवर चालायची, कच्च्या मालाचे भाव वाढले, गोळ्या महागल्या आणि गिऱ्हाईक गळत गेले. घरचे इंधन कितीला परवडते हे सर्वांत चांगले जाणणाऱ्या बायका विक्रीत होत्या. गोळ्यांच्या दराचे गणित दुसरीकडे बसत होते. वेगळ्या माणसाला दारापर्यंत आणून आतल्या खोलीत न घेतल्याची किंमत अशी मोजावी लागते.

आता शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे वळू, कारण लातूर आणि नांदेडमध्ये गेल्या दहा-पंधरा वर्षांत सर्वाधिक संख्येने उभ्या राहिलेल्या छोट्या कंपन्या याच. अलघ समितीच्या शिफारशींवरून २००२ साली कंपनी कायद्यात या प्रकाराची सोय झाली. ती सोय करणाऱ्यांनी फार शहाणपणाने विचार केला होता. संचालक पाच ते पंधरा. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्णवेळ आणि सभासदांच्या बाहेरचा, आणि तो पदसिद्ध संचालकही. शिवाय एकूण संचालकांच्या एक पंचमांशापर्यंत तज्ज्ञ संचालक सहनियुक्त करण्याची मुभा. २०२०च्या १० हजार कंपन्यांच्या केंद्रीय योजनेने संचालक मंडळात किमान एक महिला असावी असेही सांगितले. शेतकरी, व्यवस्थापक, तज्ज्ञ, स्त्री: वेगळेपण कायद्यानेच आत आणून बसवले आहे.

आणि तरीही भ्रंशरेषा तयार झाली. त्या केंद्रीय योजनेत कंपनीला तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपयांचे साहाय्य आहे आणि त्यातून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला महिना कमाल २५ हजार रुपये पगार. या पगारात मिळतो तो बहुधा नुकताच कृषी पदवी घेतलेला पंचविशीचा मुलगा. समोर संचालक मंडळात पन्नाशीचे, जमीनजुमला असलेले, गावच्या राजकारणात मुरलेले पाच-दहा जण. वय, जमीन, गाव, प्रतिष्ठा, सगळे फरक पुन्हा एका रेघेवर. कायदा त्याला व्यवस्थापनाचे भरीव अधिकार द्यायला सांगतो. प्रत्यक्षात तो दाखले काढतो, बैठकीचे इतिवृत्त लिहितो आणि अनुदानाचे प्रस्ताव बनवतो. तीन वर्षे संपली की पगार थांबतो आणि तो स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागतो. तज्ज्ञ संचालकाची जागा तर अनेकदा रिकामीच राहते. ती भरायची असते हेच कोणी सांगितलेले नसते.

याचा परिणाम २०२४च्या हंगामात उघडा पडला. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव त्याच्या कितीतरी खाली. माल ओला म्हणून खरेदी केंद्रावर अडत होता. केंद्राने नोव्हेंबरमध्ये ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेली. या काळात अनेक शेतकरी कंपन्यांची धडपड काय होती? आपल्याला खरेदी केंद्र मिळावे, एवढीच. ते गैर नाही, शेतकऱ्याला त्याची गरज होती. पण ज्या मंडळातले सगळे संचालक सोयाबीन पेरणारे, एकाच भागातले, एकाच बाजार समितीत माल घालणारे, त्या कंपनीला सोयाबीनच्या हमीभावापलीकडचा धंदा दिसणार कसा? वाळवणी यंत्र भाड्याने देणे, बियाणे म्हणून निवडक माल राखणे, सोयाचे खाद्यपदार्थ करणे, दुसरे पीक घेऊन दुसऱ्या बाजारात शिरणे, यांतले काही सुचवणारा आवाजच बैठकीत नाही.

यावर एक वाजवी आक्षेप आहे. छोट्या धंद्याची ताकद वेगात असते. एकाने ठरवले की झाले. पाच प्रकारची पाच माणसे बसवली तर चर्चाच होत राहील. तुरीचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो, तिथे बैठक बोलावत कोण बसणार? रोजच्या सौद्याबाबत हे पूर्ण मान्य करावे. सौदा गादीवरच्या एकाच माणसाने करावा. पण वर्षातून चार वेळा, धंदा पुढे कुठे न्यायचा हे ठरवताना वेगाचा उपयोग फारसा नसतो. तिथे चुकीचे यंत्र वेगाने घेणे हाच मोठा धोका असतो, आणि तो टाळायला ‘हे चालणार नाही’ असे तोंडावर सांगणारा माणूस जवळ असावा लागतो. घरातला धाकटा ते सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. तज्ज्ञ परवडत नाही. पण दूर कशाला जायचे? नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१पासून आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४पासून आहे. लातूरला कृषी महाविद्यालय आणि कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, परभणीला अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, सगरोळीला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या निवृत्त प्राध्यापकांपैकी कितीजणांना आजवर एखाद्या डाळ मिलने किंवा शेतकरी कंपनीने संचालक मंडळावर येण्याचे निमंत्रण दिले? व्याख्यानाला बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, आणि निर्णयाच्या वेळी दार लावून घेतात. शिक्षणाच्या ‘लातूर पॅटर्न’ने बाहेर पाठवलेली हजारो मुले आज पुण्यात, हैदराबादेत, परदेशात औषधनिर्मितीपासून मालवाहतुकीपर्यंतच्या कंपन्यांत आहेत. खासगी कंपनीच्या संचालकाला बैठकीला व्हिडिओवरून हजर राहता येते. गावच्या कंपनीत एक छोटा वाटा आणि एक मत दिले तर त्यांच्यातले काही तरी निश्चित हो म्हणतील.

हे आत्ताच का करायचे, त्यालाही कारण आहे. २०२४मध्ये लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, कास्ती कोथिंबिरीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळाले. नांदेडशेजारच्या वसमतच्या हळदीलाही मिळाले. मानांकन म्हणजे नावावरचा हक्क. त्या नावाने माल विकायचा तर तपासणी, प्रतवारी, पाकीट, खोट्या मालावर कारवाई, दूरचा ग्राहक, ही सगळी कामे लागतात आणि ती शेतात शिकता येत नाहीत. चिंचेचे तर विशेष. चिंच झोडण्यापासून फोडण्यापर्यंतचा हिशेब व्यापारी करतो, पण फोडून चिंचोके वेगळे करण्याचे बोटे सोलवटणारे काम बायकाच करतात. चिंचेची कंपनी काढून तिच्या संचालक मंडळात चिंच फोडणारी एकही बाई नसेल, तर त्या कंपनीचे पहिले यंत्र चुकण्याची शक्यता फार मोठी आहे. चिंचोका कुठे तुटतो, गर कुठे वाया जातो, उन्हात किती दिवस ठेवली की काळी पडते, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही. विचारून तिला घरी पाठवणे पुरेसे नाही. यंत्राच्या खरेदीवर तिचे मत मोजले गेले पाहिजे.

सरकारी योजनांनाही इथे एक बदल करता येईल. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पगाराचे साहाय्य तीन वर्षांत तोडण्याऐवजी पाच वर्षे उतरत्या प्रमाणात द्यावे आणि तज्ज्ञ संचालक नेमलेल्या कंपनीला पतहमीत प्राधान्य द्यावे. जिल्हा उद्योग केंद्र आणि कृषी खात्याची ‘आत्मा’ यंत्रणा यांच्याकडे निवृत्त तंत्रज्ञांची आणि सनदी लेखापालांची यादी असावी, जिथून कंपनीला माणूस निवडता येईल. यातले काही फार खर्चाचे नाही.

सरकार करो वा न करो, लातूर-नांदेडच्या शेतकरी कंपन्यांच्या सभासदांनी येत्या वार्षिक सभेत तीन गोष्टी विचाराव्यात. तज्ज्ञ संचालकाची जागा भरली आहे का? महिला संचालक गेल्या वर्षी किती बैठकांना हजर होत्या आणि त्यांनी मांडलेला कोणता ठराव झाला? मुख्य कार्यकारी अधिकारी अध्यक्षांच्या सहीशिवाय किती रुपयांपर्यंतचा निर्णय घेऊ शकतो? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत, आणि पुढच्या वर्षी तीच पाने पुन्हा उघडायला लावावीत.